सुंठीच्या पुड्या

कारखान्याच्या गेटवर अख्खी नोकरी मी लोकांचे खिसे तपासण्यात घालवली. आत बारूद, त्यामुळे काडीपेटी नाही, बिडी नाही. कोण नजर चोरतो, हे मला लांबूनच कळायचं. निवृत्त झालो, गेट सुटलं, पण सवय सुटली नाही. दूधवाला, भाजीवाली, सख्खा साडू, कोणालाच मी सोडलं नाही.

सोडलं फक्त एकाला. बायकोच्या गुडघ्यांसाठी घमापूर मोहल्ल्यातल्या एका वैद्याकडे गेलो, तर तो म्हणाला, "या भाऊ, बसा. उभे काहून? कोणत्या गावचे तुम्ही?" झालं! या हिंदीच्या शहरात कोणी आपल्या बोलीत दोन शब्द बोललं की आमच्या लोकांचा संशय तिथंच विरतो. त्याचं आजोळ तर आमच्याच तालुक्यातलं निघालं. त्यानं दिलेल्या पुडीत काय आहे, हे मी विचारलंसुद्धा नाही.

आठ दिवसांत बायको जिना चढू लागली. चार-पाच महिन्यांत चेहरा गोल गरगरीत झाला. शेजारणी म्हणायच्या, "दीदी, क्या निखर गई हो!" पण हातपाय मात्र काड्या. जरा कुठं धक्का लागला की काळानिळा डाग. साखरही वाढलेली. माझ्यातला गेटवाला जागा झाला. जडीबुटीला एवढा गुण कधीपासून येऊन राहिला?

सरळ जाऊन विचारायचं, ते सोडून मी चोर पकडायला निघालो. तिला न सांगता सगळ्या पुड्या रिकाम्या केल्या आणि त्यांत घरची सुंठ भरली. म्हटलं, बघू काय होते.

तिसऱ्या दिवशी ती पलंगावरून उठेना. "अहो, अंगात जीवच नाही राहिला." मला वाटलं, पुडीची चटक लागली, दुसरं काय! "नाटकं करून राहिली तू," असं तोंडावर बोललोही. पाचव्या दिवशी ओकाऱ्या झाल्या आणि मोरीच्या दारात ती कोसळली. हात बर्फासारखे गार होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अम्मा, कोई दवा अचानक बंद तो नहीं की?"

"नहीं जी, रोज ली," बायको कशीबशी म्हणाली. बिचारी खरंच सांगत होती. बीपी खाली खाली चाललेलं. शेवटी ओरडलोच, "मैंने बदल दी थी!"

पुडीत स्टेरॉइड असणार, बाई म्हणाल्या. मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात. ताप आला, धक्का बसला, अगदी सकाळी उठायचं झालं तरी अंगाला सावरणारा रस त्या सोडतात. बाहेरून आयता मिळू लागला, म्हणून त्या निजून गेल्या. औषध हळूहळू उतरवायचं असतं. मी एका झटक्यात काढून घेतलं होतं. इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, तेव्हा कुठं संध्याकाळी ती उठून बसली.

मी वैद्याला शिव्या घालू लागलो. तिनं हात वर करून थांबवलं. "त्याच्यावर पहिल्या दिवशी कुठं शक घेतला तुम्ही? मी मरून राहिली होती, तवा माझ्यावर घेतला."

 

आता बाईंनी दिलेल्या गोळ्या ती मोजून घेते आणि डबी स्वतःच्या उशाशी ठेवते. सकाळचा चहा मी करतो. ती आधी माझ्याकडे बघते, मग कपाकडे.

"अगोदर तुम्ही घ्या एक घोट," म्हणते.

मी घेतो.