आईंच्या पत्त्यांची जागा

अर्धा रस्ता झाला होता. पिशवीचा एक बंद माझ्या हातात, दुसरा वन्संच्या. पिशवीत त्यांच्या कॉम्प्युटरचा डबा. गाडी करू म्हटलं तर म्हणाल्या, "नको हो वहिनी, हिसके बसतील." झोपलेलं मूल न्यावं तसा नेत होत्या.

दुकानदार म्हणाला होता, जुनी सिस्टीम पुसून नवी टाकतो, तासाभरात घेऊन जा. "पुसायचं नाही," म्हणाल्या आणि डबा उचलून निघाल्या.

वन्सं म्हणजे माझी नणंद. लग्न केलं नाही. घरी बसून दवाखान्यांचे रिपोर्ट टाईप करतात आणि आईंना सांभाळतात. कंपनीचा नवा प्रोग्राम जुन्या सिस्टीमवर चालेना. हे काम गेलं तर बाहेर नोकरी धरावी लागणार, मग आईंजवळ कोण? आणि जुनी सिस्टीम पुसली तर तिच्यातला आईंचा पत्त्यांचा खेळ जाणार. माझ्या सासूबाईंना आता आमची नावंही आठवत नाहीत. पण त्या हिरव्या पडद्यावर पत्ते लावायला बसल्या की हात बरोबर चालतो, एक्क्यावर दुर्री, दुर्रीवर तिर्री. मध्येच ओळखीचं हसतातसुद्धा.

"मग आता हो?" मी विचारलं.

"वाटण्या करायच्या. अर्धी डिस्क आईची, अर्धी माझी. दोघी सिस्टीम नांदतील एका घरात."

"भांडल्या तर?"

"आपण भांडलो का कधी?"

"भांडलो की!"

हसू आवरेना, पिशवी खालीच ठेवावी लागली.

त्यांच्या घरी पोचल्यावर त्यांनी आधी सगळ्याची नक्कल काढून ठेवली, मग नवी सिस्टीम जुनीच्या शेजारी बसवायला घेतली. पडद्यावरची पट्टी सरकत होती तोवर मी मनात नामस्मरण करत होते. देवाला कॉम्प्युटरमधलं कळतं का, हे मी कधी विचारलं नाही.

दोन्ही नीट बसल्या. सुरू केलं की आता दोन नावं यायची आणि एकही निवडलं नाही तर थोड्या वेळाने नवी आपोआप उघडायची. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू करून वन्सं दूध उतरवायला उठल्या, आई पडद्यासमोर वाट बघत बसल्या, आणि नवी उघडली. आईंनी उठून चपला घातल्या.

"बाई, उशीर झाला," त्या स्वतःच्या लेकीला म्हणाल्या, "मला घरी सोडता का?"

वन्संनी खाली बसून त्यांच्या पायातल्या चपला काढल्या. मग कॉम्प्युटरमधला क्रम उलटा केला. आता कुणी काहीच केलं नाही तर आईंची उघडते. कामाला बसताना दरवेळी बटण दाबून नवी निवडायची, ती वन्संनी.

"रोजची कटकट नाही का?" मी म्हटलं.

"माझं मी बघते."

हे त्यांचं नेहमीचंच. इतक्या वर्षांत माझ्याकडे वाटीभर साखरही कधी मागितली नाही.

काल मात्र त्यांचा फोन आला. "वहिनी, उद्या मला कंपनीत जावं लागतंय. सकाळी याल? सुरू करायचं बटण तेवढं दाबा. पडदा काळा होईल, दोन नावं येतील. घाबरून कशालाही हात लावू नका हं. आईजवळ नुसत्या बसून राहा."