हात न टेकता

आत्याच्या हातात हात दिला की माणूस आधी हसायचा आणि मग हात सोडवायला बघायचा. दंड दाबून माणूस जोखायची तिला खोड होती. माझ्या लग्नात नवऱ्या मुलाचा दंड चाचपून ती मांडवातच म्हणाली, "नुसता कापूस हाय की हो ह्यो!"

बायकांत ताकद कमी, असं तिच्यासमोर बोलायची सोय नव्हती. "हातात कमी असंल. पायात न्हाई. रेणापुरात घागरी कुणी वाहिल्या, बाप्यांनी?" मी लातूरला बायकांचे व्यायामवर्ग घेते, म्हणून सांगते, तिचं फारसं चुकत नव्हतं. बाईच्या दंडात पुरुषापेक्षा स्नायू बरेच कमी असतात. मांड्यांत फरक त्या मानानं थोडा.

ती सत्तरीला आली तशी तिच्या मुलानं, दत्तानं, नांदेडहून खुर्ची पाठवली, पलंग पाठवला, धुण्याभांड्याला बाई लावली. म्हाताऱ्या माणसाचा मान राखायची आमच्याकडं हीच रीत. त्याला उठू द्यायचं नाही, ताटसुद्धा बसल्या जागी द्यायचं. दोन-तीन वर्षं असा मान मिळाल्यावर एकदा महादेवाच्या देवळात आत्या पंगतीला बसली आणि तिला उठताच येईना. दोघींनी काखेत हात घालून उचललं. दत्तानं ठरवूनच टाकलं, दिवाळीनंतर रेणापूरच्या घराला कुलूप आणि आई नांदेडला, तिसऱ्या मजल्यावर.

तिनं मला फोन लावला. "अगं, रोज वेशीपत्तोर चालते की मी. मग उठता का येईना?"

"चालवणारे स्नायू टिकतात गं. झटक्यात उठवणारे वयानं आधी झिजतात. खुर्चीवरून रोज ऊठबस कर, हात न लावता. आणि अंडं खा."

"अंडं? गळ्यात लिंग हाय माझ्या!"

"मग वरण दुप्पट खा. दूध पी."

"दूध पोरासोरांचं असतंय."

"तुझ्या घरात पोरंसोरं आहेत कुठं?"

यावर तिनं दूध किती पेले प्यायचं ते विचारलं. म्हणजे पटलं होतं.

दिवाळीच्या पाडव्याला दत्ता बायकोला घेऊन तिला न्यायला आला. मीही गेले होते. आत्यानं सगळ्यांना जमिनीवर जेवायला बसवलं आणि शेवटचा घास संपवून म्हणाली, "हात न टेकता उठले तर मी हितंच ऱ्हाणार. कबूल?"

दत्ता हसत म्हणाला, "कबूल, माय."

तिचे गुडघे कटकट वाजले. मान लटपटली. पण हात पोटाशी धरून ती उठली, सरळ उभी राहिली.

"आता तू."

पन्नाशीच्या दत्तानं एक हात टेकला, मग दुसरा, शेवटी बायकोचा खांदा धरला. आत्या सुनेला म्हणाली, "ह्याला महिनाभर माझ्यापाशी ठेवून जा."

कुलूप लागलं नाही. आत्या गेल्या वर्षी गेली, आपल्याच घरात, सकाळी अंगण झाडून झाल्यावर. दत्ताचा फोन आला तेव्हा माझा वर्ग चालू होता. पुढ्यात साठीच्या बायका खुर्च्यांवरून उठत होत्या. त्यांची शेवटची ऊठबस होऊ दिली आणि मग रेणापूरची गाडी धरली.