धाकटीच्या बाटल्या

प्रयोगशाळेत तिला सगळे घड्याळबाई म्हणत. काचपट्टीवर रंग ओतला की पाच मिनिटं ती मनातल्या मनात मोजायची, आणि फरक पडला तर भिंतीवरचं घड्याळच चुकलं असेल म्हणायची. छातीच्या रोगांच्या हॉस्पिटलात बावीस वर्षं तिचं हेच काम: रुग्णांच्या बेडक्यातले जंतू वाढवायचे, रंगवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे. लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर धाकट्या बहिणीला तिनेच वाढवलं, शिवण शिकवलं, सासरी धाडलं.

त्या धाकटीला क्षय झाला. तीन महिने गोळ्या घेऊनही खोकला हटेना. स्वतः बेतून शिवलेली पोलकी तिला ढगळ व्हायला लागली. कोणतं औषध लागू पडेल ते बघायला डॉक्टरांनी तिचा बेडका प्रयोगशाळेत पाठवला. डबीवरचं नाव घड्याळबाईने दोनदा वाचलं.

हात मात्र नेहमीसारखेच चालले. बाकीचे जंतू मरावेत म्हणून तिने बेडक्यात औषध घातलं, यंत्रात फिरवून खालचा गाळ घेतला, ज्योतीत लाल करून निववलेल्या तारेने तो बाटल्यांतल्या अंड्याच्या हिरवट खाद्यावर पसरला. बाटल्या उबेच्या कपाटात ठेवल्या. साधे जंतू एका रात्रीत वाढतात, क्षयाचे महिना-दोन महिने घेतात. झटपट सांगणारी यंत्रं तेव्हा आली नव्हती.

आठवड्यातून एकदाच बघायचं, असा नियम होता. ती रोज बघायला लागली.

"सारखं दार उघडून ऊब कशाला घालवता?" मोठे डॉक्टर म्हणाले. "इतरांना तुम्हीच शिकवता ना हे?"

ती ओशाळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलंच.

संध्याकाळी ती धाकटीकडे जायची.

"उगवलं का गं ताई काही?"

"अजून नाही."

"माझेच जंतू ते. मला उठवायला तुला किती हाका माराव्या लागायच्या, आठवतंय ना?" धाकटी हसायला गेली आणि खोकल्याने तिचा जीव मेटाकुटीला आला. ताई पाठ चोळत बसली.

पाचव्या आठवड्यात पावाच्या चुऱ्यासारखे कोरडे, पिवळसर कण दिसले. रंगवल्यावर निळ्यात लाल काड्या, म्हणजे क्षयाचेच. आता ते वेगवेगळी औषधं मिसळलेल्या खाद्यावर पेरायचे. ज्यात वाढतील ते औषध कुचकामी. त्याला अजून चार आठवडे.

त्यातल्या तिसऱ्या आठवड्यात धाकटी गेली.

घरातली माणसं पांगल्यावर मेहुणे म्हणाले, "ताई, सगळं तुमच्याच हातात होतं ना? मग इतका उशीर का?"

बोलता बोलता त्यांना खोकला आला. तिने पाण्याचा पेला पुढे केला.

कामावर आली तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी तिला जवळच्या स्टुलावर बसवलं. "ती तपासणी आता थांबवली तरी चालेल, बाई."

"नको सर. मेहुणे खोकतायत."

आठवड्याने तिने बाटल्या उजेडात धरल्या. धाकटीने रोज न चुकता गिळलेल्या दोन्ही मुख्य औषधांत जंतू मजेत वाढले होते. दुसऱ्या दोन औषधांच्या बाटल्या कोऱ्या होत्या. तिने अहवाल लिहिला, एकदा पडताळला, सही केली. खाली तारीख घातली.

काम झालेल्या बाटल्यांतले जंतू वाफेच्या दाबाखाली मारून टाकावे लागतात. धाकटीच्या बाटल्या तिने दोन दिवस मागे सारल्या. कामातली जोडीदारीण म्हणाली, "द्या, मी टाकते."

"विष आहे गं ते, मला कळतं," घड्याळबाई म्हणाली. "पण तिच्या अंगातलं जिवंत असं एवढंच उरलंय."

तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच बाटल्या वाफेच्या भांड्यात भरल्या, झाकण आवळलं. शिट्टीसारखा आवाज करत वाफ सुटली तेव्हा ती भिंतीला टेकून रडली. किती वेळ झाला, ते त्या दिवशी तिने मोजलं नाही.

मेहुण्यांना त्या अहवालावरून सुरुवातीपासूनच योग्य औषधं मिळाली. दीड वर्षाने ते बरे झाले. शेवटचा चांगला अहवाल घ्यायला प्रयोगशाळेच्या खिडकीशी आले, तेव्हा कागद तिनेच दिला.

"येतो ताई," एवढंच ते म्हणाले.

"तब्येतीला जपा," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाची डबी हातात घेतली.