घरमालकांचं माचू पिच्चू

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू या देशाबद्दल डहाणू तालुक्यात सर्वांत जास्त कुणाला ऐकावं लागलं असेल, तर ते मला. हे मी अभिमानाने सांगत नाही. तलासरीकडच्या एका पाड्यावरून मी कॉलेजसाठी डहाणूला आले आणि स्टेशनजवळच्या एका घराची मागची खोली भाड्याने मिळाली. घरमालक काका रेल्वेतून निवृत्त झाल्यावर काकूंना घेऊन, एका टूर कंपनीबरोबर, एकदा पेरूला जाऊन आले होते. तिथून ते परत आले असं मला तरी वाटत नाही. शरीराने ते डहाणूत असतात, बोलायला लागले की इन्का राजांच्या मुलखात. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. शिकल्यासवरल्या, वयाने मोठ्या माणसाला मध्येच थांबवायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यामुळे मी ऐकत राहिले.

काकांना कुठलीच गोष्ट तिच्या स्वतःच्या जागी दिसत नाही. डहाणू समुद्राला लागून आहे, पण काका बाजारातसुद्धा डोंगर चढत असल्यासारखे चालतात. माझ्या एका पेपरच्या सकाळी मला कॉलेजपर्यंत सोडायला निघाले आणि कोपऱ्यावरच म्हणाले, "हळू चाल. कुस्को शहरात घाई करणारा पहिला आडवा होतो. तिथे हवाच विरळ." मी म्हटलं, "काका, माझा पेपर आहे." तर म्हणाले, "मग तर आणखीच हळू. मेंदूला हवा नको का?" मी पोहोचले तेव्हा वर्गातल्या सगळ्यांची पहिली पानं भरत आली होती. कुकरची शिटी झाली की त्यांना टूरबरोबर आलेला स्वयंपाकी आठवतो. त्या उंचीवर त्याची खिचडी काही केल्या शिजेना आणि बसमधले सगळे गुजराती शेठ कच्च्या डाळीकडे बघत बसले होते म्हणे. चिखल्याहून मासळी घेऊन येणाऱ्या मावशीला तर त्यांनी एकदा टोपली खाली ठेवूच दिली नाही. तितिकाका नावाच्या मोठ्या तलावात लोक लव्हाळ्याची बेटं बांधून त्यांच्यावर राहतात, हे सांगत बसले. मावशी उन्हात उभी. शेवटी म्हणाली, "आन भरती आली का घर जातं कुठं?" काका म्हणाले, "तलावाला भरती नसते." मावशी म्हणाली, "मग त्यात काय मोठं? आमच्याकडं येऊन राहा म्हणावं," आणि बोंबील पुढच्या दारात विकायला गेली. त्या दिवशी आम्ही बटाट्याची भाजी खाल्ली. बटाटा मुळात तिकडचाच, हेही जेवताना कळलं.

सगळ्यांत कहर झाला तो मागच्या कुंपणाच्या भिंतीचा. गवंड्याने सिमेंट कालवायला घेतलं तेव्हा काकांनी त्याचा हात धरला. कुस्कोजवळ इन्कांनी हत्तीएवढे दगड एकमेकांत असे बसवलेत की मधून सुरीचं पातं जात नाही, आणि चुना नाही की सिमेंट नाही, शेकडो वर्षांत कितीतरी भूकंप झाले तरी जागचे हलले नाहीत. गवंडी म्हणाला, "काका, तिकडचाच मिस्त्री बोलवा ना." काका हटले नाहीत. त्याने निमूटपणे दगडावर दगड रचले. चार दिवसांनी शेजारची शेळी त्या भिंतीला पाठ घासायला टेकली आणि भिंत माझ्या खिडकीपर्यंत आली. काकांचं म्हणणं, दगडच इकडचे होते.

या सगळ्यात काकू काही बोलत नसत, असं नाही. त्या आतून दुरुस्त्या करायच्या. काका पुढच्या दाराच्या ओट्यावर रंगात येऊन सांगायचे, "इन्कांच्या त्या डोंगरावरच्या नगरीत, माचू पिच्चूला, पोहोचलो तर समोर लखलखीत ऊन," आणि स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "ऊन नव्हतं, धुकं होतं. नंतर उघडलं." डोंगराच्या उतारावरच्या मिठागरांबद्दल काका म्हणायचे, "पांढरीशुभ्र." आतून: "काही तांबूस पण होती." मला वाटायचं, बायका नवऱ्याला टोकतात तशातलंच हे.

बी.ए.चं शेवटचं वर्ष संपत आलं तेव्हा माझ्यापुढे खरा प्रश्न उभा राहिला. मला भूगोलात एम.ए. करायला पुण्याला जायचं होतं आणि बाबांचा नकार होता. बाबा रागावले नव्हते. ते एवढंच म्हणाले, "आपल्या पाड्यावरचा तो पोरगा गेला ना शिकायला? सणाला येतो, मोबाइलकडं बघतो, जातो. त्याच्या बापाला विचार, पोरगा काय करतो. त्याला सांगता येत नाही." पण बाबा काकांना मानत. काकांनी दोन शब्द सांगितले तर ऐकतील, असं वाटून मी काकांना विनंती केली. अट एकच घातली, की त्या दिवशी तिकडचं एक अक्षरही काढायचं नाही. काका गंभीर झाले. म्हणाले, "तुझ्या आयुष्याचा प्रश्न आहे. मी काय लहान आहे का?"

रविवारी काका, काकू आणि मी रिक्षाने पाड्यावर गेलो. काका रिक्षातून उतरले, आमच्या घरामागच्या उतारावरची नाचणीची टप्प्याटप्प्याची शेतं त्यांनी पाहिली, आणि संपलं. "अहो भाऊ, हे तर मोराय! तिकडे मोरायला अशीच शेतं, फक्त गोल, खाली खाली जाणारी, प्रत्येक पायरीवर हवा वेगळी." आई खाट टाकत होती, ती तशीच थांबली. मी काकांकडे पाहिलं, खोकले, पाणी आणून दिलं. ते पाणी प्यायले आणि तिकडच्या, गिधाडांहून मोठ्या पक्ष्यांच्या दरीत शिरले. माझ्या पुण्याचं नावही निघालं नव्हतं. मला रडूच यायचं बाकी होतं. बाबा मात्र मन लावून ऐकत होते.

मग बाबांनी सकाळी उतरवलेली ताडी आणली. काकांच्या हातात ग्लास दिला, आपला उचलला आणि पिण्याआधी आमच्यात करतात तसे चार थेंब जमिनीवर सोडले. काका खाटेवरून उठलेच. "तिकडेही! घाटाच्या माथ्यावर आमच्या गाईडने पिण्याआधी धरणीला दिलं होतं."

"गाईडने नाही," काकू म्हणाल्या. "बसच्या ड्रायव्हरने."

बाबांनी ग्लास खाली ठेवला. "कंच्या हातानं, साहेब?"

काका काकूंकडे बघायला लागले.

"डाव्या," काकू म्हणाल्या. "उजव्या हातात बसच्या किल्ल्या होत्या."

बाबांनी शांतपणे विचारलं, "साहेब, तुम्ही नव्हता का तिथं?"

मला वाटलं काका काहीतरी जुळवून सांगतील. त्यांनी ग्लास खाटेखाली सरकवला आणि म्हणाले, "नव्हतो, भाऊ. कुस्कोत उतरलो त्याच दिवशी मला श्वास लागला. मग जिथे जिथे गेलो तिथे मी हॉटेलच्या खोलीत, नाकाला नळी. ही म्हणाली, मी पण थांबते. मी म्हटलं, एवढ्या लांब येऊन दोघांनीही काही बघायचं नाही का? तू जा. ही जायची आणि संध्याकाळी येऊन माझ्या खाटेवर बसून सगळं सांगायची. मी जे सांगतो ते सगळं हिचं आहे."

काकू पदराच्या काठाकडे बघत होत्या. मग काका, आम्ही ज्यासाठी गेलो होतो ते, इतक्या वेळाने बोलले. "मुलीला पाठवा, भाऊ. एक जण गेलं आणि येऊन नीट सांगितलं, तर घरच्या माणसाला पुरतं. मला पुरलंय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांगशील?"

"सांगेन," मी म्हटलं.

"मग जा."

त्यानंतर काका गप्प झाले. कुकरला शिट्ट्या झाल्या, मासळीवाली मावशी येऊन गेली, ते ओट्यावर पेपर वाचत राहिले. जी शांतता मी तीन वर्षं मागत होते ती मिळाली आणि माझ्याने पुस्तक वाचवेना. खोली सोडण्याआधीच्या एका संध्याकाळी मी उगाच ओट्यावर जाऊन बसले आणि म्हटलं, "काका, कुस्कोच्या पुढे एक डोंगर आहे म्हणे. लाल, पिवळा, हिरवा, अंगावर पट्टेच पट्टे. कसा आहे तो?"

काकांनी पेपर खाली घेतला. आत बघून हाक मारली, "अगं, तो पट्ट्यांचा डोंगर कसा होता?"

काकू हात पुसत पहिल्यांदाच बाहेर ओट्यावर आल्या. "तिथे मी गेले नाही," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुमचं जास्त झालं होतं. बस सोडून दिली मी."

"मला बोलली नाहीस."

"त्यात काय बोलायचं?"

काका सरकले, काकू त्यांच्या बाजूला बसल्या. काकांनी विचारलं, "हिरवा कसा असेल गं? आपल्या भातासारखा?"

"उंचावर आहे," काकू म्हणाल्या. "फिका असेल."

"आणि लाल?"

मी उठून आत गेले. मागे ते दोघं, कुणीच न पाहिलेल्या त्या डोंगराचे रंग एकमेकांना सांगत बसले होते.