हातवाल्या काकू

काकूंना रेल्वेचं काडीचं प्रेम नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाफेच्या इंजिनापाशी उभं राहून कोणी डोळे मिटून धुराचा वास घ्यायला लागलं, की काकूंना वाटायचं, याच्या घरी कधी चूल पेटत नसावी. तरीही बावीस वर्षं, सुट्टीच्या प्रत्येक दिवशी, नारिंगी जॅकेट चढवून त्या रुळांच्या कडेला उभ्या राहिल्या. थंडीत राहिल्या, उन्हात राहिल्या, गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा गुडघ्यांना पट्टे बांधून राहिल्या. नवरा फोटो काढायचा आणि या त्याच्या शेजारी नुसत्या उभ्या. बघणाऱ्याला वाटायचं, काय जोडी आहे! जोडी होतीच, पण लोकांना वाटायची त्या कारणाने नाही.

तो मार्ग कधीच बंद पडला होता. हौशी माणसांनी एकत्र येऊन तो पुन्हा चालू केला, गंजलेली इंजिनं घासूनपुसून उभी केली, आणि सुट्टीच्या दिवशी ती जुने डबे ओढत चढावरच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन परत यायला लागली. तिकीट काढून कोणीही गाडीत बसावं. पण कुंपणाच्या आत, रुळांच्या कडेने फिरून फोटो काढायचे तर पास लागायचा. पास देणारे होते मास्तर. आयुष्यभर शाळेत हजेरी घेतलेला माणूस, निवृत्त झाल्यावर इथे फुकट राबायला आला, आणि येताना फक्त छडी तेवढी घरी ठेवून आला. दरवर्षी ते सगळ्या पासवाल्यांना जुन्या वेटिंग रूममधल्या बाकांवर बसवून नियम सांगायचे. जॅकेट अंगावरून काढायचं नाही. जवळच्या रुळापासून तीन मीटर लांब. पुलावर नाही, बोगद्यात नाही, फाटक सोडून कुठेही रूळ ओलांडायचे नाहीत. आणि शेवटचा नियम सांगताना मास्तर चष्मा काढून हातात धरायचे.

"ड्रायव्हरने शिट्टी दिली की हात वर करायचा. हात दिसला की त्याला कळतं, या माणसाने मला ऐकलंय. हात नाही दिसला, तर बिचाऱ्याने ब्रेक मारायचा की देवाचं नाव घ्यायचं?"

काकूंचा हात शिट्टी संपायच्या आत वर जायचा. सगळे ड्रायव्हर तो हात लांबून ओळखायचे, आणि त्यांनीच त्यांना 'हातवाल्या काकू' हे नाव पाडलं. मास्तर नव्या लोकांना सांगायचे, "नियम शिकायचा तर या बाईंकडून शिका." काकू तेव्हा खाली मान घालायच्या. लोकांना तो विनय वाटायचा.

खरी गोष्ट अशी होती, की काकांना शिट्टी ऐकू येत नव्हती. शिट्टीच काय, शेजारून गाडी गेली तरी त्यांना ती पायांतून कळायची. उमेदीची अठ्ठावीस वर्षं त्यांनी बॉयलरच्या कारखान्यात काढली होती. बाहेरून एकजण पत्रे जोडणाऱ्या लोखंडी खिळ्यावर, रिव्हेटवर, हातोडा हाणायचा, आणि आत, बॉयलरच्या पोटात बसून, दुसरा तो रिव्हेट आतून दाबून धरायचा. आतले ते काका. कानात कापसाचे बोळे, एवढाच काय तो बंदोबस्त. कारखाना बंद झाला तेव्हा काका एक घड्याळ आणि दोन निकामी कान घेऊन घरी आले. पुढे ओठ वाचायला शिकले, आणि समोरचा माणूस तोंड वळवून बोलला की "हो, हो" म्हणायला शिकले. चारचौघांत कोणाला पत्ता लागला नाही. बहिरेपणाची त्यांना लाज वाटायची, का वाटायची ते त्यांनाच माहीत.

त्या मार्गावर एक काळं, बुटकं इंजिन होतं. त्याचा बॉयलर काकांच्या कारखान्यातला. कोणत्या ओळीतले रिव्हेट आपण धरले ते काका बोट ठेवून दाखवायचे. "माझे कान याच्यात राहिलेत," म्हणायचे, "निदान याचं तोंड तरी बघू दे मला." पासच्या अर्जावर दरवर्षी एक ओळ असायची : मला नीट दिसते व नीट ऐकू येते. त्यापुढे 'होय' लिहायचं काम काकूंचं, कारण घरात अक्षर त्यांचं चांगलं. वळणदार अक्षरात त्यांनी ते खोटं बावीस वेळा लिहिलं. हा माणूस आठवडाभर खुर्चीत मुकाट बसून असतो आणि त्या एका दिवशी माणसात येतो, हे त्या रोज बघत होत्या. काय करणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मग त्यांनी आपली एक पद्धत बसवली. काका कॅमेऱ्यात डोळा घालून उभे, काकू त्यांच्या मागे, मुठीत त्यांच्या जॅकेटचं टोक. एक हिसका म्हणजे गाडी येतेय. दोन हिसके म्हणजे मागे सरा. काकूंचे कान, काकांचे डोळे. बावीस वर्षं कधी चूक झाली नाही.

गेल्या वर्षभरात मात्र घरातला टीव्ही इतका मोठ्याने लागायला लागला, की पलीकडचे लोक भिंत ठोकायला लागले. काकांना तर टीव्ही तसाही ऐकू येत नव्हता. मग आवाज वाढवत कोण होतं? काकूंनी हा प्रश्न स्वतःला विचारलाच नाही. दुसऱ्या गावी असलेली आपली मुलगी फोनवर पुटपुटते, असं त्यांनी ठरवून टाकलं. आजकालचे फोनच तसले.

त्या दिवशी सकाळी धुकं होतं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला, खडकातून रूळ काढलेत तिथे, दोघं उभी होती. खालून चढावर काकांचं काळं इंजिन यायचं होतं. धुक्यात धूर कसा दिसेल या विचाराने काका खुळावले होते. सरकत सरकत दोन पावलं रुळांकडे, तीन मीटरच्या आत गेले. काकू ओढणारच होत्या, पण मनाशी म्हणाल्या, गाडीला अजून दहा मिनिटं आहेत, होऊ दे त्याच्या मनासारखं.

पहाटे सामानाचे डबे घेऊन एक इंजिन वर गेलं होतं, ते एकटंच परत येत होतं. वेळापत्रकात ते नव्हतं. चढावर इंजिन धापा टाकतं, मैलभर लांबून कळतं. पण उतारावर वाफ बंद केलेली असते, आणि मग ते नुसतं घरंगळत येतं. अशा वेळी भरवसा एकट्या शिट्टीचा. ड्रायव्हरने वळणाच्या आधी शिट्टी दिली. दोन नारिंगी जॅकेटं दिसल्यावर पुन्हा दिली. हातवाल्या काकूंचा हात वर गेला नाही.

काकूंना आधी कळलं ते तळपायांना. मान वळवली तर धुक्यातून इंजिनाचं तोंड बाहेर आलेलं. त्यांनी दोन हिसके दिले नाहीत; दोन्ही हातांनी जॅकेट धरून नवऱ्याला मागे खेचलं आणि दोघं खडीवर आपटली. इंजिनाची पायरी काकांच्या कॅमेऱ्याच्या पिशवीला घासून गेली. पिशवी फाटली, दुसरं काही झालं नाही. ब्रेक किंचाळले असणार. काकूंना तेही नीट ऐकू आलं नाही, आणि खडीवर पडल्या पडल्या त्यांना गेल्या वर्षभराचा सगळा हिशोब लागला.

ड्रायव्हर उतरून धावत आला. पोराच्या वयाचा माणूस, पांढराफटक पडलेला. "काकू, दोनदा वाजवली! तुमचा हात कसा नाही उठला?"

"लक्ष नव्हतं रे," काकू म्हणाल्या.

तो म्हणाला, "मी याची तक्रार लिहून देत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा झालंय. पण पुन्हा असा प्रसंग माझ्यावर आणू नका हो."

आणि काका काय म्हणाले? खडी झटकत उठले आणि म्हणाले, "केवढ्या जोरात ओढलंस! मनगट मुरगळलं माझं. आता माझं इंजिन वर येईल तेव्हा कॅमेरा धरू कसा?"

घरी आल्यावर काकूंनी गजराचं घड्याळ उजव्या कानाला लावलं, मग डाव्या. काटा सरकताना दिसत होता. मग घड्याळ होतं तिथे ठेवून त्या काकांसमोर जाऊन बसल्या, त्यांना ओठ दिसतील अशा.

"अहो, आता पुरे करू या. माझ्याच्याने उभं राहवत नाही."

"मग तू नको येऊ. घरी आराम कर."

"आणि तुम्ही?"

"मी जाईन की एकटा. डोळे शाबूत आहेत माझे."

"ते इंजिन मागून आलं होतं."

"तर मग मागेही बघेन!" काका हसले. "अगं, बॉयलरच्या पोटातून जिवंत बाहेर आलोय मी. मला काय होतंय?"

काकूंना रडू आलं, रागही आला. हा माणूस एकटा जाणार, कॅमेऱ्याला डोळा लावणार आणि जग विसरणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. आपले कान गेले हे सांगितलं असतं, तरी तो 'बरं' म्हणून एकटाच गेला असता. पुढचे चार दिवस त्यांनी विचार केला. पाचव्या दिवशी भाजी आणायला जाते म्हणून निघाल्या त्या थेट वेटिंग रूममध्ये.

मास्तर पासांवर शिक्के मारत होते. काकूंनी दोन्ही पास टेबलावर ठेवले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. काकूंचं बोलून झाल्यावर त्यांनी कपाटातून जाडजूड फाईल काढली, काकांचे अर्ज एकेक करून उलटले. बावीस वेळा 'होय'.

"हे अक्षर तुमचं," मास्तर मोठ्याने म्हणाले. काकूंशी मोठ्याने बोलायचं असतं, हे ते पाच मिनिटांत शिकले होते.

"माझंच."

"मी पोरांना तुमचं उदाहरण देत होतो, बाई." मास्तरांचा आवाज रागाचा नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. "त्या ड्रायव्हरच्या हातून माणूस मेला असता. तो जन्मभर ते घेऊन फिरला असता."

"म्हणून तर आले." काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "यांना माझं नाव नका कळू देऊ. एवढंच मागते."

"तक्रार कोणाची ते आम्ही कधीच सांगत नाही. नियम आहे," मास्तर म्हणाले, आणि दोन्ही पास त्यांनी कात्रीने मधोमध कापले.

पत्र आठवड्याने आलं. मिळालेल्या माहितीवरून दोघांचेही पास कायमचे रद्द. फलाटावर आणि गाडीत स्वागतच आहे. काका ते पत्र हातात घेऊन दुपारभर बसले. तीन दिवस धड जेवले नाहीत. काकू म्हणाल्या, "चला, तिकीट काढून गाडीत तर बसू." काका म्हणाले, "आत बसल्यावर ते इंजिन दिसतं का?" कॅमेरा कपाटात गेला. त्यानंतर खुर्चीतला माणूस दिवसेंदिवस खुर्चीसारखाच होत गेला, आणि काकू ते बघत राहिल्या. जीव वाचवला होता त्यांनी. वाचवलेला जीव हा असा समोर बसलेला.

माहिती दिली कोणी, हे काकांनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. ड्रायव्हरशिवाय दुसरं कोण होतं तिथे? तो बिचारा एकदा सुट्टीच्या दिवशी विचारपूस करायला घरी आला. काकांनी दार उघडलं, त्याचं तोंड बघितलं आणि दार लावून घेतलं. चोर सोडून संन्याशाला सुळी. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याला जिना उतरून जाताना बघत होत्या. हाक मारायला तोंड उघडलं होतं त्यांनी, पण हाक मारून सांगायचं काय? पुढच्या खेपेला तो रस्त्यात दिसला तेव्हा त्याने पलीकडचा फुटपाथ धरला.

एका दुपारी काका आपणहून खुर्चीतून उठले. महिनाभरात पहिल्यांदा त्यांच्या अंगात काहीतरी हललं होतं. "कागद घे," म्हणाले. "रेल्वेच्या अध्यक्षांना पत्र लिहायचंय. तुझं अक्षर चांगलं आहे."

काकू टेबलाशी बसल्या. काका मागे हात बांधून येरझारा घालत मजकूर सांगायला लागले. बावीस वर्षांची निष्ठा, निष्कलंक नोंद, एकही तक्रार नाही. काकू लिहीत गेल्या. मग काका खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहून, बाहेर बघत, एक वाक्य बोलले. काकूंना त्यातला एक शब्दही कळला नाही. पेन कागदावर थांबलं. काका वळले.

"लिहिलंस?"

"काय म्हणालात? पुन्हा सांगा."

काका चालत आले. टेबलावर दोन्ही हात टेकून, काकूंच्या चेहऱ्याजवळ चेहरा आणून, लहान मुलाला शुद्धलेखन घालावं तसं एकेक शब्द तोडून मोठ्याने बोलले :

"ज्याने - हे - केलं - त्याला - म्हातारपणी - हाक मारायला - आपलं माणूस - उरू नये."

"हे अध्यक्षांना कशाला?"

"लिही म्हणतो ना!"

काकूंनी खाली बघितलं आणि लिहिलं. शब्द एकही गाळला नाही. मग कागद फिरवून सहीसाठी नवऱ्यापुढे सरकवला, आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.