तटस्थमामा

माझा सख्खा मामा आमच्या धुलाई कारखान्यात घड्या घालायच्या टेबलावर काम करतो, आणि त्याचं नाव काढलं तरी माझ्या तोंडाची चव जाते. सगळा कारखाना त्याला तटस्थमामा म्हणतो. त्यालाही ते आवडतं, हे आणखी वाईट.

कारखाना कामगारांच्याच मालकीचा आहे. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल येतात. मी धुण्याच्या बाजूला, आई इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर आणि मामा तिच्या शेजारी. सगळे निर्णय पाच जणांच्या समितीने हात वर करून घ्यायचे, त्या पाचांत मामाही आहे; बरोबरी झाली तरच अध्यक्षांनी मत द्यायचं. आधी बाजूचे हात, मग विरोधातले, आणि शेवटी अध्यक्ष विचारतात, "तटस्थ?" पहिल्याच बैठकीत मामाला हा शब्द सापडला आणि त्याला आभाळ ठेंगणं झालं. आपल्याकडे ह्याला पूर्वी अंग चोरणं म्हणत. आता त्याच गोष्टीसाठी हात वर करता येतो, आणि कारकून ती मान देऊन लिहूनही घेतो.

"तट म्हणजे काठ," त्याने मला एकदा समजावलं होतं. "आपण काठावर उभं राहायचं. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

"आणि पाण्यात कोणी बुडत असेल तर?"

"पोहणारे असतात की," मामा म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला. मत द्यायची वेळ आली की त्याचा चष्मा हमखास मळतो. मामी सांगते, भाजी कुठली करू विचारलं तरी हा तटस्थ, आणि ताटात पडली की नाक मुरडायला पहिला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते, हात आत जायला लागला की तिला लागतो आणि मशीन थांबतं. ती दांडी निखळली. आईने अध्यक्षांना सांगितलं. मशीनच्या आवाजात बाकी कोणाला ऐकू गेलं नाही, पण मामा चादरीचं दुसरं टोक धरून तिथेच उभा होता. अध्यक्ष म्हणाले, "मोठी ऑर्डर जाऊ दे, मग बघू." ऑर्डर गेली. तिच्या आदल्या दिवशी आईच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मग अध्यक्षांनी ठराव आणला, की काम भराभर उरकावं म्हणून दांडी हिनेच काढली, अशा निष्काळजी बाईला कामावर ठेवता येणार नाही. चोराच्या उलट्या बोंबा! आईचं उभं आयुष्य त्या वाफेत गेलं होतं. रोलर नको, नुसतं टॉवेल मोजायचं काम द्या, एवढंच तिचं म्हणणं होतं.

मी मामाकडे गेले. "जे ऐकलंस तेवढंच सांग, मामा."

"अगं, ती माझी बहीण. मी बोललो तर लोक म्हणतील, घरचा म्हणून बोलतोय. बरं नाही दिसत ते."

"बोलू नकोस. हात तरी वर कर."

"बघतो ना, बाळा," तो म्हणाला. मी वेडी, त्यावर विसंबून परत आले.

बैठक घड्यांच्या टेबलाशीच झाली. आई बांधलेला हात मांडीवर ठेवून बसली होती. ठरावाच्या बाजूने दोन हात आले, विरोधात दोन. मामाने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "तटस्थ?" अध्यक्षांनी विचारलं, आणि त्याचा हात वर गेला, अगदी ताठ. बरोबरी झाली म्हणून अध्यक्षांनी मत दिलं आणि आईचं काम गेलं. मला खरोखर उलटी झाली. मी नळाशी तोंड धूत होते तर हा मागून आला. "मी ताईच्या विरोधात नव्हतो. पाहिलंस ना तू?"

संध्याकाळी घरीही आला. "ताई, फार वाईट झालं गं," म्हणाला, जणू गारा पडल्या होत्या. आईने डाव्या हाताने त्याला चहा गाळून दिला आणि त्याने तो बशीत ओतून फुर्र फुर्र करत प्यायला.

पुढच्या वर्षी अध्यक्ष पायउतार झाले. दोन गटांची जुंपली, कोणी कोणाला मानेना. शेवटी दगडापेक्षा वीट मऊ म्हणून मामाचं नाव पुढे आलं. "त्याने कधी कोणाचं वाईट केलं नाही," असं लोक बोलत होते, आणि आई काम करायची त्या रोलरपाशी उभे राहून बोलत होते. निवड सगळ्या कामगारांनी करायची होती. भराभर हात वर झाले. "विरोधात?" असं विचारल्यावर मी एकटीने हात वर केला. मामाचा चेहरा उतरला. "बाळा, तू?"

मी पोचायच्या आधी बातमी घरी पोचली होती. आई उरलेल्या बोटांत सुरी धरून कांदा चिरत होती. तिने मान वर केली नाही.

"मामाच्या विरोधात हात वर केलास म्हणे."

"आई, त्याने तुझं काम घालवलं!"

"त्याने माझ्या विरोधात हात वर केला नव्हता," आई म्हणाली. "तू माझ्या भावाच्या विरोधात केलास. येईल तो आता. माफी माग त्याची."

माझी स्वतःची आई. मला तिचीसुद्धा किळस आली.