लांडग्याचा फेस

बल्बच्या कारखान्याचं गोदाम एकवीस वर्षं सांभाळणाऱ्या बाईंना सगळे गोदामताई म्हणत. ताईंना हसू आवरत नसे. एकदा सुटलं की समोर साहेब असो नाहीतर पाहुणा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या.

त्या दिवशी मात्र प्रसंग बाका होता. बल्बमधली तार संपत आलेली, आणि नवी पेटी आली तर तिच्यावर टंगस्टनऐवजी ठळक अक्षरांत 'वोल्फ्राम'! व्यवस्थापकांचा पारा चढला.

"भलताच माल पाठवलाय! गाडी उभीच आहे, परत चढवा."

"साहेब, दहा मिनिटं द्या," म्हणत ताईंनी नणंदेला फोन लावला. दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. कुठल्याशा लग्नातल्या रुसव्यापासून तीन वर्षं अबोला. पण नणंद भाषांतरकार, सहा भाषा कोळून प्यायलेली. अडला हरी, दुसरं काय!

"वन्सं, वोल्फ्राम म्हणजे काय हो?"

पलीकडे वन्संनी घसा खाकरला. मग, "लांडग्याचा फेस."

"काय?"

"अहो वहिनी, जर्मन खाणकामगारांनी ठेवलेलं नाव, असं म्हणतात. कथील गाळताना हा दगड मध्ये आला की फेस उठवत कथील फस्त करायचा, लांडग्यानं मेंढरू करावं तसं! टंगस्टन तेच. स्वीडिश भाषेत त्याचा अर्थ जड दगड."

"म्हणजे स्वीडनवाले टंगस्टन म्हणतात?"

"छे! तेही वोल्फ्रामच म्हणतात. स्वतःचं नाव जगाला वाटून टाकलं आणि शेजाऱ्याचं उचलून आणलं!"

झालं. ताई फुटल्याच. पलीकडे वन्संही खिदळल्या. तीन वर्षांचा अबोला दोन्हीकडून हसण्यात वाहून गेला. व्यवस्थापक घाबरून पाण्याचा ग्लास घेऊन धावले.

ताईंनी पोट धरून भिंतीवरच्या मूलद्रव्यांच्या तक्त्याकडे बोट केलं. "साहेब, टंगस्टनची खूण डब्ल्यू! त्या नावात डब्ल्यू आहे का कुठे? तो वोल्फ्रामचा, लांडग्याचा!"

साहेबांनी चष्मा पुसून तक्ता दोनदा वाचला आणि तेही खो खो हसत सुटले. पेटी फुटली, तार यंत्रावर चढली, तासाभरात पहिला बल्ब लख्ख पेटला.

चार वाजता गोदामातला फोन वाजला.

"वहिनी, तुमच्याकडे कोबाल्ट आहे का हो?"

"आहे की, निळ्या काचेसाठी दोन बरण्या."

"त्याच्या नावात भूत आहे!"

"थांबा वन्सं," ताई म्हणाल्या, "आधी दार लावून घेते."